मिस मॅटीचे दुकान

मिसेस गॅस्केल यांची ‘क्रॅनफर्ड’ ही कादंबरी १८५३ साली पुस्तकरूपाने निघाली. तिच्यातील सौम्य विनोदाची आजवर झालेली प्रशंसा यथार्थच आहे. परंतु तिचा शेवट आम्हांस पूर्णपणे गोड वाटत नाही.

पेढी बुडाल्यामुळे निर्धन झालेली, उतारवयाची, अविवाहित मिस मॅटी घरातच चहा विकू लागते. गावातील वाण्याचे त्यामुळे नुकसान होईल की काय, हे ती आधी त्यालाच विचारते. तो उलट आपली गिऱ्हाइके तिच्याकडे धाडतो. वर्षभरात वीस पौंडांहून अधिक प्राप्ती होते. कामही तिला नकोसे राहत नाही, कारण त्यायोगे माणसे जोडली जातात. इतक्यात अनेक वर्षे बेपत्ता असलेला भाऊ हिंदुस्थानातून पैसा घेऊन परततो आणि दुकान बंद होते. उरलेला चहा वृद्धांस भेट म्हणून जातो. मॅटीच्या मनात दुकान चालवावयाचे होते काय, हा प्रश्न लेखिकेस महत्त्वाचा वाटत नाही.

वास्तविक हा विषय तिला अपरिचित नव्हता. त्या काळी इंग्लंडात पत्नीची कमाई कायद्याने पतीची ठरे. तो कायदा बदलावा म्हणून १८५६ साली झालेल्या अर्जावर तिची सही आहे; १८७० साली तो बदललाही. मॅटी अविवाहित होती, म्हणूनच तिचे वीस पौंड तिचे होते. परंतु कायदा जे पतीकरवी करी, ते येथे भावाची माया करते. कायद्याचा अन्याय दिसतो, म्हणून दूर करता येतो. मायेने लावलेले कुलूप मात्र सुखान्त म्हणून वाचले जाते.