‘हयगय’ या शब्दाचे परीक्षण : अफूची गोळी, बालमृत्यू आणि मजूर माता

१

बालमृत्यूविषयी लिहिणाऱ्याच्या लेखणीत जे शब्द अनायासे उतरतात, त्यांत ‘हयगय’ हा एक प्रमुख शब्द होय. सुरगाण्यासारख्या तालुक्याविषयीच्या लेखनात तर तो हमखास आढळतो. आधी कुपोषण, न्यूमोनिया, अतिसार अशी वैद्यकीय कारणे येतात. मग रस्ते आणि दवाखाने यांच्या अभावाचा उल्लेख होतो. आणि शेवटी, जणू मूळ कारण हाती लागले अशा थाटात, ‘पालकांची हयगय’, ‘अज्ञान’ व ‘व्यसनाधीनता’ ही त्रयी अवतरते. एखाद्या मृत्यूच्या बाबतीत हे तिन्ही शब्द खरे असू शकतील, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ‘हयगय’ हे कारण आहे की निवाडा आहे, हा प्रश्न मात्र विचारावयास हवा. कारण सांगणारा शब्द पुढील शोधाला वाट करून देतो. निवाडा देणारा शब्द तो शोध तेथेच थांबवतो.

या प्रश्नाची तपासणी करण्यास महाराष्ट्रातच एक जुने आणि पुरेसे दूर गेलेले उदाहरण उपलब्ध आहे. मुंबईच्या कापड-गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया आपल्या तान्ह्या मुलांना अफू देत असत. आणि त्यावर आयोगांनी, डॉक्टरांनी व सुधारकांनी बरेच लिहून ठेवले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ती प्रथा जितका आहे, तितकेच तिच्याविषयीचे लेखनही आहे. त्या लेखनात दोष कोणाच्या पदरी टाकला गेला आणि तो कोणत्या युक्तिवादाने, हे पाहिल्यावर आपण पुन्हा सुरगाण्याकडे वळू.

२

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ‘बाळागोळी’ या नावाने विकली जाणारी गोळी ही घराघरांत सहाणेवर उगाळून देण्यात येणाऱ्या बाळगुटीहून अगदी वेगळी होती. तिच्यातील मुख्य द्रव्य अफू हेच असे. गोळी दिली की मूल झोपी जाई. त्याला भूक लागत नसे, ते रडत नसे. आणि आई गिरणीत असेतो शेजारणीला अथवा म्हातारीला त्याचा उपद्रव होत नसे. पण न रडणारे मूल दूधही मागत नाही. दूध न प्यायल्याने त्याची वाढ खुंटते, आणि न पाजल्याने आईचे दूधही आटत जाते. अफूने बद्धकोष्ठ होते आणि श्वसन मंदावते. तान्ह्या मुलाच्या बाबतीत उपयुक्त मात्रा आणि घातक मात्रा यांतील अंतर फारच थोडे असते. म्हणजे या गोळीने मूल दोन प्रकारे मरू शके : मात्रा चुकल्यास एका दिवसात, आणि मात्रा न चुकताही काही महिन्यांत. दुसऱ्या प्रकारचा मृत्यू दाखल्यावर ‘अशक्तता’ किंवा ‘हगवण’ या नावाने नोंदला जाण्याचाच संभव अधिक.

आज मराठीत ‘अफूची गोळी देणे’ हा प्रयोग आपण लाक्षणिक अर्थानेच करतो. कोणास भुलवून निश्चेष्ट ठेवणे, एवढाच अर्थ त्यात उरला आहे. तिच्या वाच्यार्थाची जागा एकेकाळी परळ-लालबागच्या चाळींत होती, याचे विस्मरण झाले आहे.

३

या विषयावरील लेखनाचा पहिला मोठा साठा म्हणजे १८९३ साली नेमलेल्या व १८९५ साली अहवाल सादर करणाऱ्या रॉयल अफू आयोगाचे साक्षीपुरावे. मुलांना अफू देण्याची चाल त्या साक्षींतून वारंवार समोर येते. तथापि हिंदुस्थानातील अफूचे सेवन बहुतांशी मर्यादित असून तिच्यावर सरसकट बंदी घालण्याचे कारण नाही, असा आयोगाच्या बहुमताचा निष्कर्ष होता. हेन्री विल्सन या सदस्याने त्याविरुद्ध आपले वेगळे मत नोंदविले. या बहुमताच्या भूमिकेत तान्ह्या मुलाची अफू ही ‘देशी चालरीत’ या सदरात पडते. आणि एकदा ती चालरीत ठरली की तिला कर्ता उरत नाही. १८७८ च्या अफूच्या कायद्याखाली परवाने देऊन हीच अफू विकणारे आणि तिच्यापासून महसूल मिळविणारे सरकार त्या चित्रात विक्रेता म्हणून दिसत नाही, निरीक्षक म्हणून दिसते.

दुसरा टप्पा १९२२ चा. गिरण्यांतील स्त्रियांच्या बाळंतपणाच्या आधीच्या व नंतरच्या स्थितीची चौकशी करून डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने दिलेला अहवाल मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’ मध्ये प्रसिद्ध झाला. गिरणीकामगार स्त्रियांच्या शंभर मुलांपैकी ९८ मुलांना अफू देण्यात येते, हे त्यातील विधान पुढे फार गाजले. ते गाजले हे योग्यच झाले. पण ते कसे गाजले, हे पाहण्यासारखे आहे. अहवालाचा विषय होता नोकरी आणि बाळंतपण यांचा संबंध. आकडा मात्र अहवालातून सुटून एकटाच फिरू लागला, आणि एकटा फिरताना तो मातांविषयीचा आकडा झाला. वास्तविक १०० पैकी ९८ हे प्रमाणच सांगते की, येथे व्यक्तीच्या स्वभावदोषाचा प्रश्न नाही. शंभरांतील पाच माता हयगय करतात, असे म्हणता येईल. शंभरांतील अठ्ठ्याण्णव माता एकच गोष्ट करीत असतील, तर शोध त्या सर्वांना समान असलेल्या परिस्थितीचा घ्यावयास हवा. ही समान परिस्थिती गिरणीचा भोंगा ही होती.

याच काळातील मृत्यूचे आकडेही असेच चिकित्सेने वाचले पाहिजेत. १९२१ साली मुंबईतील अर्भकमृत्यूचे प्रमाण नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे ६६६ इतके होते; एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत ते ८२८ पर्यंत गेले होते, तर चार वा अधिक खोल्यांच्या घरांत ते १३३ च्या आसपास होते. यांपैकी पहिले दोन आकडे काहीसे फुगलेले आहेत. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात किंवा देशावर आपल्या गावी जात व मूल घेऊन परत येत. अशा मुलाचा जन्म मुंबईच्या नोंदवहीत नसे, मृत्यू मात्र असे. त्यामुळे भाजक लहान व भाज्य मोठा होई. परंतु ही दुरुस्ती लक्षात घेऊनही एक खोली व चार खोल्या यांतील दरी बुजत नाही. आणि चार खोल्यांतील मातेचे प्रेम एका खोलीतील मातेच्या प्रेमाहून सहापट असते, असे तर कोणी म्हणणार नाही.

या लेखनपरंपरेत विचाराची दिशा बदलणारा क्षण १९२८ साली मुंबई कायदेमंडळात येतो. बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अशी भूमिका मांडली की, प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून तिचा भार बऱ्याच अंशी सरकारनेही उचलावयास हवा. आर. एस. आसवले यांनी आणलेले हे विधेयक १९२९ साली कायदा झाले. या भूमिकेत मातेच्या गुणदोषांचा विचारच नाही. तिला कामावरून किती दिवस मोकळीक मिळेल आणि त्या दिवसांची मजुरी कोण देईल, एवढाच प्रश्न आहे. ‘हयगय’ या शब्दाला खरे उत्तर येथे मिळाले, असे मला वाटते.

४

येथे एक आक्षेप संभवतो. गिरणी ही शहरातील वस्तू; तेथील अनुभव डोंगराळ शेतीप्रदेशास कसा लागू करावा? या आक्षेपाला इंग्लंडच्या इतिहासात एक समर्पक उत्तर सापडते. तेथेही गिरणीगावांतील मुलांना ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ या नावाचे अफूचे पेय पाजले जाई. १८६४ च्या सुमारास डॉ. हेन्री ज्युलियन हंटर यांनी काही ग्रामीण जिल्ह्यांतील अर्भकमृत्यूची चौकशी केली. हे जिल्हे शेतीचे असूनही तेथील प्रमाण गिरणीगावांच्या तोडीचे होते. दलदलीची हवा व हिवताप हे कारण असावे, असा पूर्वीचा समज होता. चौकशीत निष्पन्न झाले ते निराळेच. दलदल उपसून तेथे सुपीक जमीन तयार झाली होती. त्या जमिनीवर मुकादमाच्या हाताखाली स्त्रियांच्या टोळ्या दूरदूर कामास जात होत्या. आणि मागे राहिलेल्या मुलांना अफू मिळत होती. मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात या अहवालाचा उपयोग केला तो याचसाठी. म्हणजे भोंगा हा केवळ गिरणीचाच असतो असे नाही. आई आणि मूल यांना दिवसभर वेगळे ठेवणारी कोणतीही मजुरी तेच काम करते.

आता सुरगाण्याकडे वळू. १९४८ साली विलीन झालेले हे छोटे संस्थान आज नाशिक जिल्ह्याचा तालुका आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात असून तीत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत. कोकणा, वारली, महादेव कोळी व भिल्ल या येथील प्रमुख जमाती. पाऊस भरपूर, पण तो वाहून जातो. भात, नागली व वरई ही पावसावरची पिके निघाली की हाताला काम उरत नाही. मग कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे उतरतात. गोडी छाटणीपासून विरळणी, डिपिंग व पुढे खुडणीपर्यंत कामे असतात, ती टोळीने घेतली जातात आणि पुष्कळदा एकरी उक्ती असतात. उक्त्या कामात वेळ हाच पैसा. मुलाला पाजण्यासाठी उठणाऱ्या बाईचा वेळ साऱ्या टोळीच्या हिशेबातून जातो. तान्हे मूल वेलीखालच्या झोळीत असते किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. आणि गावी ठेवले असेल तर म्हातारीपाशी असते.

येथे अफू नाही. मुंबईच्या प्रथेचा आरोप सुरगाण्यावर करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू मुळीच नाही. साम्य आहे ते मुलाच्या दिवसाच्या वेळापत्रकात. आणि त्या वेळापत्रकातील रिकामी जागा भरण्यासाठी शासनाने केलेल्या योजनाही नेमक्या त्याच ठिकाणी अपुऱ्या पडतात. अंगणवाडी ही मुख्यतः तीन ते सहा वर्षांच्या मुलांना काही तास बसविते. तीन वर्षांखालील मुलाच्या वाट्याला घरपोच आहार येतो, म्हणजे पाकीट येते, सांभाळणारे माणूस येत नाही. २०१५ पासूनची अमृत आहार योजना गरोदर व स्तनदा मातांना गरम जेवण देते; पण आई स्थलांतरित झाली की जेवण गावी राहते आणि आई बागेत. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली व पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांत पाळणाघर सक्तीचे झाले. हे दोन्ही लाभ टोळीतील मजूर स्त्रीपर्यंत पोहोचत नाहीत. जिल्ह्याची द्राक्षे समुद्रापार जातात. ती खुडणारीच्या मुलासाठी बांधावर पाळणा बांधण्याची जबाबदारी मात्र नेमकी कोणाची, हे कोणत्याही कागदावर स्पष्ट नाही.

५

व्यसनाचा प्रश्न टाळून चालणार नाही. मोहाच्या दारूला आदिवासी जीवनात विधीचे स्थान आहे, हे सांगून तो सुटत नाही. मजुरीचा पैसा गुत्त्यावर जातो, तापाने फणफणलेल्या मुलाला दवाखान्यात न्यावयाचे त्या रात्री बाप शुद्धीवर नसतो, हे घडते. आणि तेथे ‘हयगय’ हा शब्द न वापरणे म्हणजे मृत मुलावर पुन्हा अन्याय करणे होय. तो शब्द शब्दकोशातून काढून टाकावा, असे माझे म्हणणे नाही. तो वापरताना कर्ता स्पष्ट करावा, एवढेच म्हणणे आहे. ‘पालकांची हयगय’ या संयुक्त प्रयोगात पिणारा बाप आणि टोळीत राबणारी आई एकाच विशेषणाखाली येतात. ज्या स्त्रिया गावोगाव दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान मागतात आणि ‘आडवी बाटली’ निवडून आणतात, त्यांनाच या समासात आरोपी म्हणून उभे केले जाते. शिवाय परवान्यांतून मिळणारा महसूल १८९५ मध्ये जसा चित्राबाहेर राहिला होता, तसा तो याही चित्राबाहेरच राहतो.

मराठीत या विषयावरील महत्त्वाचे लेखन म्हणून डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘कोवळी पानगळ’ (२००१) या अहवालाचा उल्लेख केला पाहिजे. त्याच्या नावाविषयी शंका घेता येईल. पानगळ ही ऋतूची क्रिया, तिला जबाबदार कोणी नसतो. पण ‘कोवळी’ हे विशेषण ती शंका दूर करते, कारण कोवळे पान आपण होऊन गळत नाही. आणि आतील मजकूर तर सरळ मोजणीचा आहे : सरकारी नोंदींत मुलांचे बहुसंख्य मृत्यू उतरतच नाहीत, हे त्यात स्वतंत्र गणतीने दाखविले गेले. १९२१ च्या मुंबईत मृत्यू नोंदला जाई, जन्म नसे. स्थलांतरित कुटुंबाच्या बाबतीत आज भय उलटे आहे. मूल जन्मते एका तालुक्यात, दगावते दुसऱ्यात, आणि दोन्हीकडील वहीला ते आपले वाटत नाही. ज्याची गणतीच झाली नाही, त्याच्याविषयी कोणाची हयगय झाली हे ठरविणार कसे?

क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांना यातून एक साधी सूचना करता येईल. मृत मुलाच्या घरी गेल्यावर ‘आईने काय केले’ हे विचारण्यापूर्वी, त्या शेवटच्या आठवड्यात मूल सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत कोणाजवळ होते, हे तासातासाने लिहून घ्यावे. आई कोठे होती, तेथून ती उठली असती तर किती मजुरी बुडाली असती, बाप कोठे होता, जवळची अंगणवाडी किती वाजता बंद झाली, हेही त्याच पानावर नोंदावे. ते पान पूर्ण भरल्यानंतरही ‘हयगय’ हा शब्द आवश्यक वाटला, तर तो अवश्य लिहावा. आणि त्याच्या आधी षष्ठी विभक्तीत कोणाचे नाव घालावयाचे, हे त्या पानावरूनच ठरवावे.