वॅटचा आकडा आणि भिंतीतली वीज

संगणकाचा पॉवर सप्लाय स्वतः कसा बदलावा हे सांगणारी मार्गदर्शने आता पुष्कळ आहेत. इंटेलने १९९५ साली आखलेल्या एटीएक्स मापामुळे काम सोपेही झाले आहे : भागांच्या वॅटची बेरीज करा, थोडे जास्त धरा, चार स्क्रू काढा. आमची तक्रार बेरजेबद्दल नाही. भिंतीतून येणाऱ्या विजेचा त्यांत उल्लेखच नसतो, ही आहे.

खोडाळ्यासारख्या गावी, भर पावसात, शाळेतल्या सॉकेटला २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले असे धरू. साध्या सप्लायमध्ये ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठते आणि हा साठा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १८० भागिले २३०, त्याचा वर्ग सुमारे ०.६१. म्हणजे वीज क्षणभर मिचकली तर तग धरायची शिदोरी जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी! (अकरावी-बारावीच्या वर्गाला हे उदाहरण जरूर द्यावे.) पॉवर फॅक्टर सुधारणारे सक्रिय सर्किट असेल तर आतले व्होल्टेज ३८० च्या आसपास टिकते. अशा खोक्यावर बहुधा '१००-२४० व्होल्ट' छापलेले असते. आम्ही आधी ती ओळ वाचतो.

वॅट नंतर. '४५० वॅट'च्या लेबलवर १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर असतील, तर प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांच्या वाट्याला १९२ वॅटच येतात.

हिरवी-काळी तार जोडून पंखा फिरवण्याची चाचणीही फसवी. भार नसताना पंखा फिरतोच. खोका मात्र उघडू नये, प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्ट राहू शकतात. आणि सॉकेटला अर्थिंग नसेल, तर नव्या सप्लायनंतरही पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतील.