ज्युरीची यादी आणि मतदारयादी : एक चिकित्सा

भारतातील ज्युरीपद्धतीची चर्चा बहुधा १९५९ च्या नानावटी खटल्यापासून सुरू होते आणि तेथेच थांबते. ८ विरुद्ध १ असा निर्दोषत्वाचा कौल, उच्च न्यायालयाने तो फिरविणे आणि म्हणून ज्युरी रद्द होणे, ही मांडणी सोयीची असली तरी अपुरी आहे. ज्युरी बंद करण्याची शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच केली होती. ज्युरीने काय ठरविले याकडे लक्ष गेले. ज्युरीत कोणाला बसविले हा प्रश्न मागेच राहिला.

या प्रश्नाचा खरा नमुना १९०८ चा टिळक खटला होय. आरोप 'केसरी'तील 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या मराठी लेखांवर होता. खास ज्युरींची यादी मात्र मालमत्ता, चारित्र्य व शिक्षण पाहून तयार होई. अशा ज्युरीत युरोपियनांचे बहुमत होईल व त्यांना मराठी कळणार नाही, ही टिळकांच्या वतीने घेतलेली हरकत न्यायमूर्ती दावर यांनी मानली नाही. ७ युरोपियन व २ पारशी बसले. शब्दांच्या छटांवर उभा असलेला आरोप भाषांतरावरून जोखला गेला. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची कसून उलटतपासणी घेतली, २१ तासांहून अधिक भाषण केले. तरी ७ विरुद्ध २ मतांनी ते दोषी ठरले. 'केसरी'चा वाचक त्या यादीत जवळजवळ नव्हताच.

इंग्लंडने १९७२ च्या कायद्याने मालमत्तेची अट काढून मतदारयादीचा आधार घेतला. भारतात प्रौढ मताधिकाराची यादी आली, आणि पुढे १९७३ च्या संहितेने ज्युरीच वगळली.

नांदेड व लातूर जिल्ह्यांत, जेथे निजामी राजवटीत न्यायालयाची भाषा उर्दू होती, मतदारयादीतून ज्युरी निवडण्याची कल्पना आकर्षक वाटते. देगलूरचा तेलुगू, उदगीरचा कन्नड, किनवटचा गोंडी बोलणारा, सारेच त्या यादीत आहेत. परंतु मुखेड, कंधार, जळकोट या भागांतील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतो तो उन्हाळा लागेपर्यंत परतत नाही. यादीत नाव असते, घराला कुलूप असते. समन्स बजावले जाईल ते गावात राहिलेल्या बागाईतदारावर, पेन्शनरावर, दुकानदारावर. आणि उचल, मजुरी किंवा मुकादमाशी झालेल्या मारहाणीच्या खटल्यात हेच लोक कौल देण्यास बसतील.