पंधरा वर्षे वगळलेले सांत्वन

शोकगीताची सुरुवात शोकाने व्हावी अशी आपली अपेक्षा असते. योहान सेबास्टियान बाखचा 106 क्रमांकाचा कॅन्टाटा (गायक आणि वाद्ये यांच्यासाठीची रचना) ही अपेक्षा पहिल्याच सुरांत बाजूला ठेवतो. खाली बासचा सूर संथ, एकसारखा पडत राहतो. त्यावर दोन व्हायोला दा गांबा, म्हणजे गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवायची ती जुनी, जरा धूसर आवाजाची तंतुवाद्ये. आणि सर्वांत वर दोन रेकॉर्डर, उभ्या धरायच्या साध्या लाकडी बासऱ्या. व्हायोलिन नाही, तुतारी नाही, नगारा नाही. दोन्ही बासऱ्या बहुतेक वेळ एकच चाल वाजवतात. मधेच एक जागच्या जागी रेंगाळते, दुसरी पुढे सरकते, क्षणभर दोन सूर एकमेकांना घासतात आणि पुन्हा एक होतात. हे चालू असताना कोणी मेले आहे, कोणी रडत आहे, असे काहीही सांगितलेले नसते. एक शब्दही गायलेला नसतो. तरी ऐकणाऱ्याला कोणीतरी सांभाळून धरले आहे, हे कळते.

ही रचना मला ख्रिस्ती सांत्वनाचे सर्वांत प्रामाणिक रूप वाटते. ते का, हे तिच्या आत शिरूनच सांगता येईल.

बाखने ती लिहिली तेव्हा तो सुमारे 22 वर्षांचा होता. 1707–08 मध्ये तो म्यूलहाउझेन या जर्मन गावी सेंट ब्लाझिउसच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक होता. ही रचना त्याच काळातली असावी, असे अभ्यासक तिच्या शैलीवरून मानतात. बाखच्या हातची प्रत हरवली. आज जी सर्वांत जुनी प्रत मिळते ती 1768 सालची, त्याच्या मृत्यूनंतर 18 वर्षांनी केलेली, आणि ‘आक्टुस ट्रागिकुस’ हे लॅटिन नाव तिच्यावरच आहे. कोणाच्या दफनविधीसाठी हे संगीत झाले, याचा पुरावा उरलेला नाही. पण एक गोष्ट नोंदलेली आहे: बाखची आई 1694 च्या मे महिन्यात वारली आणि वडील 1695 च्या फेब्रुवारीत. दहावे वर्ष पुरे होण्याआधीच हा मुलगा पोरका झाला आणि थोरल्या भावाच्या घरी वाढला. चरित्रातून कलाकृती उलगडत बसण्याची सवय मला आवडत नाही. तरी बावीस वर्षांच्या तरुणाला मरणाबद्दल एवढे कसे ठाऊक, असा प्रश्न ज्याला पडेल त्याने या दोन तारखा जवळ ठेवाव्यात.

बाखच्या पुढच्या कॅन्टाटांमध्ये कवींनी मुद्दाम रचलेली पदे असतात, त्यांत पुष्कळदा उपदेशही असतो. इथे जवळजवळ सगळे शब्द पवित्र शास्त्रातले किंवा मंडळीच्या जुन्या गीतांतले आहेत. कोणीतरी वचने निवडली, एकापुढे एक मांडली आणि मधे स्वतःचे भाष्य येऊ दिले नाही. अर्थ सांगायचा तो या मांडणीने आणि संगीताने. शोक करणाऱ्या घरी शहाणा पाळक असाच वागतो. तो प्रवचन करत नाही, शास्त्रभाग उघडून वाचतो.

बासऱ्यांचे ते मुखडे संपले की चार आवाज, वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास, एकत्र येतात. देवाने ठरवलेली वेळ हीच योग्य वेळ, हा पहिल्या ओळीचा आशय. लगेच संगीत धावू लागते, कारण आता प्रेषितांच्या कृत्यांच्या 17 व्या अध्यायातले, आपले जगणे-वावरणे त्याच्यातच आहे हे वचन आले. मग एकदम गती मंदावते आणि स्वर झाकोळतात: मरतोही त्याच्यातच. जगणे आणि मरणे असे एकाच दमात, एकाच देवाच्या पोटात ठेवलेले आहे. सिद्धान्त म्हणून ही गोष्ट आपण दर रविवारी ऐकतो. इथे गतीच्या एका बदलातून ती अंगावर येते.

पुढे वाट उतरणीची आहे. टेनर स्तोत्रसंहितेच्या 90 व्या स्तोत्रातली विनंती गातो: आपले दिवस मोजके आहेत हे आम्हाला शिकव. त्याला उत्तर मिळते ते बास आवाजात, आणि ते कठोर आहे. यशयाच्या 38 व्या अध्यायात हिज्कीया राजा आजारी पडतो तेव्हा संदेष्टा येऊन त्याला निरोप देतो, की घरादाराची व्यवस्था लाव, तू यातून उठणार नाहीस. बासऱ्या आता सांत्वन करत नाहीत. त्या घाईने, जवळजवळ निर्दयपणे धावतात.

इथे मला जरा थांबायचे आहे. शास्त्र जाणणाऱ्याला पुढची गोष्ट ठाऊक असते. हिज्कीया भिंतीकडे तोंड फिरवून रडतो, प्रार्थना करतो, आणि देव त्याच्या आयुष्यात 15 वर्षांची भर घालतो. आजाऱ्याच्या उशाशी हा अध्याय वाचला जातो तो त्या पंधरा वर्षांसाठी. आणि कॅन्टाटात ती पंधरा वर्षे नाहीतच! निरोप घेतला, सुटका वगळली. ही निवड ज्याने केली त्याचे धैर्य मोठे. देवाची काळजी म्हणजे मुदतवाढ, असे मानण्याचा मोह आपल्या सगळ्यांना होतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात आपण तीच मागतो, आणि मागावीच, हिज्कीयानेही मागितली. पण ज्या घरात ती मिळाली नाही, त्या घरासाठी हे संगीत आहे. ज्यांची प्रार्थना अशी पुरी झाली नाही त्यांना देवाने टाकले का? कॅन्टाटाचा उरलेला अर्धा भाग याच प्रश्नाला सामोरा जातो.

मग येतो मधला भाग, या रचनेचा गाभा. खालचे तीन आवाज फ्यूग गातात. एका आवाजाने वाक्य म्हणायचे, दुसऱ्याने मागून तेच उचलायचे, मग तिसऱ्याने. वाक्य सिराखच्या पुस्तकातले आहे. प्रॉटेस्टंटांच्या बायबलमध्ये हे पुस्तक नसते, कॅथलिकांच्या असते. लूथरने मात्र ते आपल्या भाषांतरात वाचनीय म्हणून ठेवले होते. माणसा, तुला मरायचेच आहे, हा फार जुना करार आहे, असा त्याचा भाव. सूर वाकडेतिकडे, अंग चोरत चालणारे. एक आवाज म्हणतो, दुसरा दुजोरा देतो, तिसरा शिक्का मारतो. सुटायला फट नाही.

एवढ्यात वरून एकटी सोप्रानो येते. ती वाद घालत नाही. प्रकटीकरणाच्या अगदी शेवटी जी हाक आहे, प्रभू येशूला ये म्हणणारी, तेवढीच ती पुन्हा पुन्हा घालते. खालचे आवाज आपले वाक्य सोडत नाहीत, ती आपली हाक सोडत नाही. तिसरी गोष्ट वाद्ये करतात, आणि ती सर्वांत सुंदर आहे. बासऱ्या आणि गांबा एक जुनी कोराल, मंडळीने मिळून गायची चाल, वाजवू लागतात. आपला सगळा मामला मी देवावर सोपवला आहे, अशा अर्थाचे ते गीत. पण शब्द कोणीच गात नाही. लूथरन मंडळीला ती चाल तोंडपाठ होती. बाकांवर बसलेल्या, रडून डोळे लाल झालेल्या माणसांच्या मनात ते शब्द आपोआप उमटावेत, अशी ही योजना. मरणाचा कायदा मोठ्याने, विश्वासाची हाक मोठ्याने, आणि स्वतःला सोपवून देणे मात्र मुक्याने. मरणाऱ्याच्या मनात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात. बोलून दाखवायला गेले की आपण त्या एकामागून एक सांगतो आणि शेवटची खरी, आधीची खोटी, असे होऊन बसते. संगीताला तिन्ही एकदम धरता येतात.

आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत कोणी गेले की लोक ‘प्रभूमध्ये निजले’ म्हणतात. फार चांगले म्हणणे आहे ते, आणि मी मनापासून म्हणतो. पण भेटायला येणाऱ्यांना ते म्हणण्याची कधी कधी फार घाई असते. विधवेचा हुंदका पुरा होण्याआधी आम्ही तिला पुनरुत्थान सांगतो. बाखचे खालचे तीन आवाज आठवले की ही घाई मला खटकते. त्यांना कोणी गप्प केलेले नाही. सिराखचे वाक्य खरे आहे आणि ते पुरे म्हणू दिलेले आहे. बेथानीत लाजाराच्या कबरेकडे निघालेला येशू, पुढच्या घटकेला आपण काय करणार हे ठाऊक असूनही, आधी रडला. शुभवर्तमानातले ते रडणे आणि हा फ्यूग यांची जात मला एकच वाटते.

या भागाचा शेवट कसा होतो पाहा. खालचे आवाज थांबतात. वाद्ये थांबतात. सोप्रानो येशूचे नाव घेत एक लांब, थरथरती लकेर घेते आणि तीही मधेच, आधाराविना थांबते. त्यानंतर बाखने एक आख्खे आवर्तन मोकळे सोडले आहे, त्यावर विरामाची खूण. विश्वास जिंकला म्हणून इथे कोणी तुतारी फुंकत नाही. जुना करार मागे पडला, हे खरे. पण विश्वासाच्या पायाखालची जमीनही गेली. विश्वासी माणूस मरतो तेव्हा नेमके काय होते हे त्याच्या उशाशी बसलेल्यांना इथवरच दिसते. यापलीकडचे त्यांना दिसत नाही, आणि बाख दिसल्याचा आव आणत नाही.

विरामानंतर संगीत आणखी अंधाऱ्या पट्टीत उतरते. मी माझा आत्मा तुझ्या हाती देतो, ही 31 व्या स्तोत्रातली प्रार्थना आल्टो आवाज गातो. सोबत फक्त बासची साथ, आणि तो बास पुन्हा पुन्हा पायरी पायरी वर चढत राहतो. सगळ्या रचनेतली सर्वांत खोल पट्टी इथेच आहे आणि चढणही इथेच सुरू होते. उत्तर देतो तो बास गायक: लूककृत शुभवर्तमानात येशूने शेजारच्या क्रुसावरच्या चोराला दिलेले वचन, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.

या दोन वचनांची जोडी लावणाऱ्याला माझे वंदन आहे. 31 व्या स्तोत्रातली ती प्रार्थना क्रुसावर येशूने स्वतः केली. म्हणजे मरणारा विश्वासी आपल्या तारणाऱ्याच्या शेवटच्या श्वासातले शब्द उसने घेऊन मरतो, आणि त्याला उत्तर मिळते ते त्या चोराला मिळालेले, ज्याच्याकडे पुण्याई म्हणून दाखवायला काही नव्हते. शिवाय ते गाणारा आवाज कोणता? ज्या आवाजाने हिज्कीयाला मरणाचा निरोप दिला, तोच. शिक्षा सुनावणारा एक देव आणि क्षमा करणारा दुसरा, असे इथे नाही. पंधरा वर्षे ज्याने दिली नाहीत त्यानेच आजचा दिवस दिला. ज्या घरात मुदतवाढ नाकारली गेली त्या घराला हे ऐकवणे सोपे नाही, पण याहून कमी काही ऐकवणे म्हणजे त्यांची फसवणूक होईल.

त्या वचनाच्या जोडीने आल्टो लूथरचे 1524 चे गीत गाऊ लागतो. मंदिरात बाळ येशूला हातात घेऊन, आता मला शांतीने जाऊ दे, म्हणणाऱ्या म्हाताऱ्या शिमोनाचे ते गीत. गांबा परत येतात. देवाने सांगितल्याप्रमाणे मरण आता झोप झाले आहे, हा त्याचा शेवट. ‘प्रभूमध्ये निजले’ म्हणण्याचा हक्क या रचनेत इथे येऊन मिळतो. त्याआधीचा सगळा उतार पायी उतरावा लागतो.

हे संगीत मोठे गायकवृंदही गातात, पण एकेका आवाजाला एकेकच गायक असलेले सादरीकरण मला अधिक पटते. खालचे तीन आवाज म्हणजे तीन माणसे असली की मरणाचा कायदा गर्दीची घोषणा राहत नाही. तुमच्याआमच्यासारखी माणसे तो एकमेकांना सांगत असतात. सुरुवातीच्या वाद्यभागाचे हंगेरीचे संगीतकार ज्यॉर्ज कुर्ताग यांनी एकाच पियानोवर चार हातांसाठी रूपांतर केले आणि पत्नी मार्ता यांच्याबरोबर ते वर्षानुवर्षे वाजवले. मार्ता 2019 मध्ये वारल्या. दोन बासऱ्यांची ती रेंगाळणारी, घासणारी, पुन्हा एक होणारी चाल दोन वृद्धांच्या हातांत ऐकली की तिच्यात किती सोबत भरली होती ते नव्याने कळते.

शेवटी चारही आवाज परत येतात. 1533 च्या एका गीताचे शेवटचे कडवे, पित्या-पुत्राची आणि पवित्र आत्म्याची स्तुती, आणि मग गती वाढून आमेनचा फ्यूग. काही रसिकांना हा शेवट एवढ्या खोल संगीतानंतर उथळ वाटतो. मला तसे वाटत नाही. मेलेल्याचे गाणे शिमोनाच्या गीतापाशी पुरे झाले. तो आता देवाच्या हाती आहे आणि त्याच्याविषयी गायचे काही उरलेले नाही. हे आमेन मागे राहिलेल्यांचे आहे. त्यांना दफनभूमीतून घरी जायचे आहे, चूल पेटवायची आहे, रविवारी पुन्हा त्याच बाकावर बसायचे आहे, शेजारची जागा रिकामी असताना. त्यांच्या तोंडी स्तुती घालताना बाखने ती चौघांत वाटून दिली, म्हणजे एकाचा दम संपला की दुसरा ती पुढे नेईल.