शेवटच्या शब्दापर्यंत

मराठी वाक्याचा जीव बहुधा शेवटी असतो. क्रियापद तिथं, नकारही तिथंच. आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा श्वास नेमका तिथंच संपतो. ‘आई, मी उद्या शाळेला जाणार नाही’ यातलं ‘नाही’ गिळलं, की मागच्या रांगेला पोर शाळेला निघालेलंच ऐकू येतं.

लातूरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत बाई बालनाट्याची तालीम घेतात. ‘मोठ्यानं बोल’ हे वाक्य त्यांच्या तोंडी नाही. संवाद म्हणणारा व्हरांड्यात उभा राहतो, मैत्रीण समोर. प्रत्येक वाक्याला ती एक पाऊल मागं सरकते. शेवटचा शब्द आला नाही, तर तिनं एवढंच विचारायचं, ‘काय करणार?’ ती मैदानातल्या लिंबापाशी पोचेपर्यंत पोरगा वाक्याआधी पोटात श्वास भरू लागलेला असतो. गळ्याची शीर ताणलेली नाही, खांदे उचललेले नाहीत, आणि ‘नाही’ लिंबापर्यंत स्वच्छ पोचतं. आवाजाची फेक इतक्या अलगद शिकवलेली मी क्वचितच पाहिली.

दुसरी अडचण सुराची. रोजच्या परिपाठात प्रतिज्ञा एका चालीत, पाढे एका चालीत. तोच हेल संवादात शिरतो. बाई वही मिटायला लावतात आणि हेच घरी कसं म्हणशील, असं विचारतात. संहितेत असतं, ‘तू काय करत आहेस?’ पोरगी म्हणते, ‘काय करायलास रं?’ प्रश्नाचा खरा चढ तिथं सापडतो. मग तो चढ तसाच ठेवून छापील वाक्य म्हणायचं. कधी कधी बाई बोलीतलंच वाक्य नाटकात ठेवतात, आणि माझ्या मते ते मूळ वाक्याहून सरस असतं.

राजा झालेल्या मुलाला त्या घोगरा आवाज काढू देत नाहीत. कोवळा गळा त्यानं बसतो. राजा स्वतःच्याच आवाजात, सावकाश बोलतो; तो थांबला की दरबारही थांबतो, प्रधानाची मान अर्धवट वळलेली तशीच राहते. दबदबा सगळा त्या थांबण्यात.

मुलांच्या नाटकांसाठी सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ काढलं, १९६२ मध्ये रत्नाकर मतकरींची ‘बालनाट्य’ संस्था आली. दोन्ही मुंबईत. इकडच्या मुलांच्या कानावर मात्र माहूरच्या रेणुकेचा गोंधळ आधीपासून असतो. त्यात नाईक कथा सांगतो आणि साथीदार ‘मग?’ म्हणत ती पुढं ढकलतो. बाईंनी हे बरोबर हेरलंय. ज्याला संवाद नाहीत, त्याला त्या साथीदाराचं काम देतात: समोरचा बोलेल त्याला मनातल्या मनात ‘मग?’ विचारायचं. शिपाई झालेला पोरगा आता प्रेक्षकांत आई शोधत नाही. त्याची नजर बोलणाऱ्याच्या तोंडावर खिळते, भुवई योग्य जागी वर जाते, आणि बातमी वाईट निघाली की हातातला पुठ्ठ्याचा भाला नकळत खाली येतो. नांदेडच्या कुसुम सभागृहात बालनाट्य स्पर्धेला बसाल, तेव्हा बोलणाऱ्या मुलांवरून नजर काढून अशा एखाद्या शिपायाकडे जरूर बघा. तालीम कुणी घेतली, ते तोच सांगतो.