भाड्याची भिंत आणि आपला वाचक

लेखक आणि वाचक यांचा संबंध हा केवळ वितरणाचा प्रश्न आहे, असे प्रस्थापित साहित्यव्यवहार मानीत आला. पुस्तक छापले, ग्रंथालयात गेले, परीक्षण आले की संबंध पूर्ण झाला! दलित साहित्याच्या बाबतीत हे कधीच खरे नव्हते. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्या समाजात वाचक आयता मिळत नाही. तो घडवावा लागतो. म्हणून वाचकाशी संपर्क हा आपल्याकडे सोयीचा नव्हे, चळवळीचा प्रश्न होय.

समाजमाध्यमांना ओहोटी लागल्यामुळे हा प्रश्न आज पुन्हा उभा राहिला आहे. या माध्यमांनी काहीच दिले नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ‘साभार परत’चा शिक्का न खाता तालुक्याच्या गावातला तरुण कविता प्रसिद्ध करू लागला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ही भिंत भाड्याची होती. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की पानांपेक्षा मित्र-नातेवाइकांचा मजकूर पुढे दाखवला जाईल. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यांतील कलावंतांचा प्रेक्षक एका आदेशाने तुटला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरचा मालक बदलला, जुलै २०२३ मध्ये नावही बदलले. या कोणत्याही निर्णयात लेखकाला विचारले गेले काय? वाचकांची यादी मालकाजवळ. लेखकाजवळ फक्त आकडा!

आपल्या परंपरेत हे नाते कसे होते? ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ तयार नव्हता. पुढे ‘बहिष्कृत भारत’ १९२७ मध्ये आले आणि १९२९ मध्ये थांबले. १९३० मध्ये ‘जनता’ निघाले, १९५६ मध्ये त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. पत्रे बंद पडली, वाचक मात्र हरवला नाही. कारण तो आधी चळवळीत होता, मग वर्गणीदार झाला. ज्याला वाचता येई तो वस्तीला वाचून दाखवी. वामनदादा कर्डक आपले गाणे घेऊन गावोगाव हिंडले. त्यांना श्रोत्याचा पत्ता शोधावा लागला नाही. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने मेळावे भरवले ते लेखक-वाचक मेळावे. त्या नावातच वाचक लेखकाच्या शेजारी बसलेला आहे.

आता मुद्द्याचे बोलू. माध्यमे उतरणीला लागली हे निमित्त आहे. अंतर आधीच पडले होते. नोकरीत स्थिर झालेला, शहरात घर घेतलेला लेखक वस्तीत जाईनासा झाला आणि भिंतीवरच्या टाळ्यांना त्याने वाचक मानले. याचा परिणाम लेखनावर झाला. कविता टाकताच दहा मिनिटांत “जय भीम सर, जबरदस्त!” येते, मधले कडवे निव्वळ घोषणा झाली आहे, असे कुणी सांगत नाही. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या तारखांना विद्रोह हजर होतो व दुसऱ्या दिवशी ओसरतो. स्तुती म्हणजे समीक्षा नव्हे, आणि गर्दी म्हणजे वाचक नव्हे.

माझ्या वर्गातील बहुतेक मुले घराण्यातील पहिली शिकणारी आहेत. मीही तसाच आलो. त्यांना आपल्या कवींच्या ओळी चित्रांवर छापलेल्या पाठ आहेत, परंतु त्या ज्या संग्रहातल्या, तो संग्रह त्यांनी पाहिलेलाही नाही. हा वाचक गमावला तर उद्याचा लेखकही गमावला.

इंग्रजीतील लेखक आता वाचकांचे ई-मेल पत्ते जमवून थेट पत्रे पाठवतात. यादी आपली असावी, हे त्यातले तत्त्व बरोबर आहे. पण आमचा विद्यार्थी ई-मेल उघडतो तो परीक्षेचा नाहीतर नोकरीचा अर्ज भरण्यासाठी. व्हॉट्सअॅपचा गट सोयीचा खरा, पण तोही फेसबुकच्याच मालकाचा. तेव्हा साधन वापरावे, विसंबून राहू नये. वाचकाचे नाव, गाव आणि नंबर आपल्या वहीत असावा. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे जी रांग लागते, तिथे लेखकाने स्वतः उभे राहावे. वसतिगृहात जावे, एक कथा वाचावी, आणि मुले काय म्हणतात ते मान खाली घालून ऐकावे. नियतकालिकांनी वाचकांच्या पत्रांना पुन्हा पाने द्यावीत, विशेषतः न पटलेल्या पत्रांना.

हे जुन्या दिवसांचे गोडवे नव्हेत. जुन्या दिवसांत पैसा नव्हता, कागद नव्हता, साक्षर माणूसही मोजकाच होता. तरीही वाचक होता, कारण लेखक त्याला जबाबदार होता. आज साधने आहेत. ती जबाबदारी लेखक पुन्हा घेणार आहे काय, एवढाच प्रश्न आहे.