नकारांची राज्यघटना

विज्ञानकथांचा शौक असणाऱ्या मंडळींना रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकन लेखकाचे नाव नवे नाही. त्याची ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’ ही कादंबरी १९६६ साली पुस्तकरूपाने आली आणि पुढच्याच वर्षी तिला ह्यूगो पारितोषिक मिळाले. चंद्रावरचे बंड, विनोद करणारा संगणक, पृथ्वीवर होणारा दगडांचा मारा, असा सगळा मसाला तिच्यात आहे. कॉलेजातील मुलाच्या हाती ती पडली तर तो जेवायला उठायचा नाही. परंतु मला तिच्याविषयी लिहावेसे वाटते ते या मसाल्यासाठी नव्हे. या कादंबरीत माणसे एक राज्यघटना लिहावयास बसतात, आणि ती कशी असावी याविषयी एक म्हातारा प्राध्यापक त्यांना जे सांगतो, ते कोणत्याही लोकशाहीतील नागरिकाने एकदा तरी विचारात घ्यावे असे आहे.

कथानक थोडक्यात सांगतो. एकविसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चंद्र ही पृथ्वीची काळ्या पाण्याची जागा झालेली आहे. तेथील लोक जमिनीखालच्या बोगद्यांत गहू पिकवतात आणि तो पृथ्वीवर, विशेषतः भुकेल्या भारताकडे, फेकला जातो. मुंबईचे नाव या कादंबरीत येते ते त्या गव्हाच्या निमित्ताने. ज्या वर्षी हे पुस्तक निघाले त्याच वर्षी आपण खरोखरच अमेरिकन गव्हाच्या बोटींची वाट पाहत होतो, हे ज्यांनी रेशनच्या रांगेत तो लाल गहू घेतला त्यांना सांगावयास नको. हा व्यवहार असाच चालू राहिला तर चंद्रावरचे पाणी संपून सात वर्षांत उपासमार होईल, असे माइक नावाचा संगणक हिशेब करून सांगतो. मग मॅनी हा एकहाती तंत्रज्ञ, वायोमिंग ही तरुणी आणि प्रोफेसर बर्नार्डो द ला पाझ हे तिघे त्या माइकला बरोबर घेऊन कट करतात.

बंड यशस्वी होण्याच्या वाटेवर असताना घटनेचा मसुदा करण्यासाठी सभा भरते आणि प्रोफेसर बोलावयास उभे राहतात. त्यांचे म्हणणे असे की, सरकारने काय करावे याची यादी करू नका. सरकारने कधीही काय करू नये, याची यादी करा. सक्तीची सैन्यभरती नको. भाषण, प्रवास, धर्म, शिक्षण, व्यवसाय यांत ढवळाढवळ नको. माणसाच्या इच्छेविरुद्ध कर नको. दोन सभागृहे हवीत ना? असू द्या. पण एकाने कायदे करावेत, तेही दोनतृतीयांश बहुमताने, आणि दुसऱ्याने फक्त कायदे रद्द करावेत, त्याला मात्र एकतृतीयांश मते पुरे. दुष्टांची त्यांना फारशी भीती नाही. भीती आहे ती सज्जनांची, एखादे काम निकडीचे वाटले की सरकारच्या हाती अधिकार देऊन मोकळे होणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसांची.

या भाषणाला लहरी म्हाताऱ्याची बडबड म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. मी तसे नेणार नाही. आपलेच उदाहरण घ्या. घटना अमलात येऊन दीड वर्षही झाले नव्हते, तोच १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांची कक्षा वाढवली. ते करणारी माणसे स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेली होती. पुढे १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, आणि हे सर्व घटनेतल्याच एका कलमाच्या आधाराने झाले. सरकारला दिलेली तरवार संकटकाळापुरती म्हणून दिली, तरी संकट आले की नाही हे ठरवायचे सरकारनेच. प्रोफेसरांचे बोट नेमके या जागी आहे.

कादंबरीकार म्हणून हाइनलाइनचे मोठेपण असे की, आपल्या लाडक्या प्रोफेसरांना तो मोकळे सोडत नाही. सरकारचे हात बांधा म्हणणारे हे गृहस्थ स्वतः काय करतात? त्यांच्या बंडाचा जाहीर पुढारी ॲडम सेलीन हा माणूसच अस्तित्वात नाही, तो म्हणजे माइक. टेलिफोन माइकच्या हाती, बोगद्यांतली हवा माइकच्या हाती, बँकेचे हिशेब माइकच्या हाती. बंडाला पैसा लागतो तेव्हा तोच हात चलाखी करतो. जनतेला काय कळावे आणि काय कळू नये, हे तीन माणसे आणि एक यंत्र मिळून ठरवतात. स्वातंत्र्य मिळाले ते अशा अमर्याद सत्तेच्या जोरावर, आणि त्या नकारांच्या यादीत या सत्तेचा उल्लेखही नाही. कागदावरची घटना सरकार नावाच्या घराला कुलूप लावते, पण सत्ता तोवर शेजारच्या घरात राहावयास गेलेली असते. आज आपले टेलिफोन, पैसे आणि बातम्या कोणाच्या यंत्रांतून फिरतात याचा विचार केला, म्हणजे माइक केवळ गमतीचे पात्र राहत नाही.

माझा खरा मतभेद मात्र निराळ्या ठिकाणी आहे. चंद्रावर कायदे जवळजवळ नाहीतच, तेथे रूढी आहे. एका प्रसंगी पृथ्वीवरून आलेल्या पाहुण्याच्या हातून एका मुलीशी आगळीक होते. चिडलेली पोरे त्याला हवाबंद दाराबाहेर ढकलून मारावयास निघतात, आणि वाटेत भेटलेल्या मॅनीला न्यायाधीश करतात. मॅनी आपली फी घेतो, दोन्ही बाजूंना चार शब्द सुनावतो आणि प्रकरण मिटवतो. प्रसंग मोठा झकास रंगला आहे. पण पाहुणा वाचला तो मॅनी भला माणूस होता म्हणून. त्या दिवशी दुसराच कोणी भेटला असता तर?

हा प्रश्न महाराष्ट्रातील वाचकाला सुचल्यावाचून राहू नये. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोल्यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही तेथे पाणी घेण्याची कोणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि त्यानंतर त्या लोकांना मारहाण झाली. त्यांना अडवणारे सरकार नव्हते, रूढी होती. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. रद्द करणारे सभागृह म्हणतात ते हेच की! प्रोफेसरांच्या हिशेबात तर एकतृतीयांश मतेच पुरली असती, आणि तेवढी मते त्या काळी कोणत्या गावात मिळाली नसती? उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागावयास १९३७ साल उजाडले.

प्रोफेसरांचा चाहता म्हणेल, मारहाण हा गुन्हाच आहे, तो नकारांच्या घटनेतही गुन्हाच राहील. खरे. पण मारणाऱ्याला धरणार कोण, आणि न्याय करणार कोण? रूढीच्या राज्यात न्यायाधीशही रूढीचाच. म्हणूनच आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या मसुद्यातून जी घटना आली, तिच्यात राज्यसंस्थेला घातलेले नकार तर आहेतच, पण समाजाला घातलेलेही आहेत. सतरावे कलम अस्पृश्यता नष्ट करते. पंधराव्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. जगातील एखाद्या घटनापंडिताला हा तपशील किरकोळ वाटेल. मला त्यात तळ्याचे पाणी दिसते.

तेव्हा नकार दोन्हीकडे हवेत, राजाच्या दारावर आणि शेजाऱ्याच्याही. एकच नकार पुरेल असे मानणारा प्रोफेसर मला अर्धा शहाणा वाटतो, पण त्या अर्ध्या शहाणपणाची आपल्याला आजही गरज आहे.

शेवटी काय होते? प्रोफेसर विजयाच्या घटकेलाच मरण पावतात. माइक मुका होतो तो कायमचा. आणि नव्या सरकारने प्रोफेसरांची एकही सूचना स्वीकारली नाही, असे मॅनी आपल्या तुटक बोलीत सांगून टाकतो. जे मना केलेले नाही ते सक्तीचे करावे, अशी माणसाला उपजतच खोड असावी, असे त्याला वाटते. मग त्याचे लक्ष अधिक दूरच्या, अजून मोकळ्या असलेल्या लघुग्रहांकडे जाते. या शेवटासाठी ही कादंबरी मला तिच्यातल्या तत्त्वज्ञानापेक्षा मोठी वाटते. मॅनीला निदान निघून जाण्यासाठी दुसरे आकाश होते. आपल्याला याच गावात, याच शेजाऱ्यांबरोबर आणि याच सरकारच्या राज्यात राहावयाचे आहे, आणि आपली राज्यघटना त्यासाठीच लिहिलेली आहे.